मागच्या सीटवरून दिसलेली अमेरिका

‘स्टेशन वॅगन’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक काहीच नाही. आपल्याकडे गाडी म्हणजे आधी हॅचबॅक, जरा पगार वाढला की सेडान आणि ईएमआय झेपणार असेल तर एसयूव्ही. इतका सरळ हिशेब! सेडानचं छप्पर तसंच पार मागपर्यंत नेलं, डिकी आणि सीट यांच्यामधली भिंत काढून टाकली आणि मागे एक भलंमोठं दार लावलं की जी लांबलचक गाडी तयार होते, ती स्टेशन वॅगन. आपल्याकडे ती कधी रुजलीच नाही. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ काढली, २००४ मध्ये ‘इंडिगो मरिना’ आणली. लोकांनी दोन्हींकडे कौतुकानं पाहिलं आणि शेजारची डिकीवाली गाडी बुक केली.

अमेरिकेत मात्र चाळीसेक वर्षं ‘फॅमिलीची गाडी’ या शब्दांचा अर्थच वॅगन असा होता. आणि गंमत म्हणजे, ज्या गाडीत मी अख्ख्या आयुष्यात फक्त एकदा, तेही वीस मिनिटं बसले, त्या गाडीबद्दल मी हळवी आहे. त्याला कारण आमचे मोठे काका.

काका १९७१ साली शिकायला अमेरिकेत गेले आणि तिकडचेच झाले. पुण्यात आमच्या घरी शोकेसमध्ये, शंकरपाळ्यांच्या बरणीएवढ्या उंचीच्या फ्रेममध्ये, त्यांचा एक फोटो होता. काका, काकू, दादा, ताई आणि त्यांच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली एक गाडी. तिच्या अंगावर चक्क लाकडाच्या फळ्या! लहानपणी मला खात्री होती की अमेरिकेतले लोक गाड्या सुताराकडून करून घेतात. त्या वयात मी बाबांच्या चेतकवर पुढे उभी राहून शाळेत जायचे. बाबांच्या दोन हातांच्या मध्ये, तोंडावर वारा घेत. चौघांचं कुटुंब त्या स्कूटरवर मावायचं. मग यांना चौघांसाठी एवढी आगगाडी कशाला लागते, हा माझा पहिला प्रश्न होता.

लाकडाचं कोडं

सुतारवाली माझी थिअरी अगदीच चुकीची नव्हती, हे मोठेपणी कळलं. स्टेशन वॅगनमधलं ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वे स्टेशनच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवासी आणि त्यांच्या ट्रंका स्टेशनवरून हॉटेलात पोचवायला, गाडीच्या सांगाड्यावर लाकडी खोकं बसवून घ्यायचे. त्यांना ‘डेपो हॅक’ म्हणत. थोडक्यात, आपल्याकडची वडाप! १९२९ मध्ये फोर्डनं ‘मॉडेल ए’ची स्टेशन वॅगन स्वतःच बाजारात आणली. तिला लागणारं लाकूडही फोर्डच्याच मिशिगनमधल्या जंगलांतून यायचं. तिथे आयर्न माउंटन नावाच्या गावाजवळ त्यांचा लाकडाचा कारखाना होता. उरलेल्या भुशा-तुकड्यांचा कोळसा करून तोही विकायचे. अमेरिकेत आज वीकएंडच्या बार्बेक्यूला जो ‘किंग्सफर्ड’ कोळसा पेटतो, त्याचं मूळ हे. कोकणातल्या माणसानं फणसाची आठळीसुद्धा वाया घालवू नये, तसं!

पण लाकूड म्हणजे नखरे आले. दरवर्षी वॉर्निश करा, पावसात फुगलं की दारं अडकणार, खड्ड्यात गेली की गाडी कुरकुरणार. १९४६ मध्ये विलीज कंपनीनं जीपची पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आणली. (याच विलीजच्या जीप चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रानं जोडायला सुरुवात केली.) पोलादी असूनही रंग मात्र लाकडासारखाच दिला होता. कारण एव्हाना लोकांच्या मनात ‘वॅगन म्हणजे लाकूड’ हे पक्कं बसलं होतं. फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ १९५० मध्ये आली. सुरुवातीला तिच्यावर खरं लाकूड होतं. पुढे पत्र्यावर लाकडाच्या डिझाइनचा व्हिनाइलचा कागद चिकटवायला लागले आणि त्या कागदावरच ही गाडी १९९१ पर्यंत चालली. आपल्या फोटोतल्या त्या फळ्या म्हणजे स्टिकर होता, हो! मला हे कळलं तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटलं.

हायवे, मुलं आणि प्लायवूड

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, भराभर लग्नं झाली, भराभर मुलं झाली. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहायला लागलं. एकसारखी, परवडणारी, अंगणवाली घरं. अशी उपनगरं मग देशभर पसरली. तिथून दुकान लांब, शाळा लांब, ऑफिस त्याहून लांब. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी इंटरस्टेट हायवेच्या कायद्यावर सही केली आणि एक्केचाळीस हजार मैलांच्या रस्त्यांचं काम सुरू झालं. मोठं घर, तीन मुलं, कुत्रा आणि समोर सरळसोट रस्ता. वॅगनला आणखी काय हवं?

मग कंपन्यांमध्ये मागच्या दारावरून चुरस लागली. म्हणजे आजच्या मोबाइल कॅमेऱ्यासारखी. फोर्डनं १९६६ मध्ये ‘मॅजिक डोअरगेट’ काढलं. तेच दार फळीसारखं खाली पाडा, नाहीतर घराच्या दारासारखं बाजूला उघडा. ओल्ड्समोबिलनं १९६४ च्या ‘व्हिस्टा क्रूझर’ला छपरातच काच दिली. ‘दॅट सेव्हंटीज शो’ पाहिला असेल तर एरिकची ती गाडी आठवेल. जनरल मोटर्सनं १९७१ मध्ये कहरच केला. किल्ली फिरवली की मागची काच छपरात गुडुप आणि खालचा पत्रा फरशीखाली गुडुप! या ‘क्लॅमशेल’ वॅगन जवळपास एकोणीस फूट लांब होत्या. पुण्यातल्या किती बिल्डरांच्या ‘कव्हर्ड पार्किंग’मध्ये त्या मावल्या असत्या, याचा विचार तुम्हीच करा.

आणि एक निकष सगळ्यांना पाळावाच लागायचा. चार बाय आठ फुटांचं प्लायवूड मागे आडवं मावलं पाहिजे! कारण अमेरिकन बाप रविवारी स्वतःच गॅरेजमध्ये ठोकाठोक करत बसायचा. हे चार बाय आठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यात मुलांची लाडकी जागा एकच. तिसरी सीट. अनेक वॅगनमध्ये ती उलटी असायची, तोंड मागच्या काचेकडे. तिथे आईचा हात पोचत नाही, बाबांना आरशात धड दिसत नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हात वर-खाली करून हॉर्न वाजवायला लावायचा, वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट मोजायच्या, वेडीवाकडी तोंडं करून दाखवायची. कितीतरी अमेरिकन लोकांचं बालपण असं उलटं तोंड करून गेलंय.

क्लीव्हलंड ते पिट्सबर्ग

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं अमेरिकेची दारं आपल्यासाठी किलकिली झाली आणि इंजिनिअर-डॉक्टर मंडळी तिकडे जायला लागली. काका त्यातलेच. एमएस झालं, ओहायोमध्ये क्लीव्हलंडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, सातारच्या काकूशी लग्न झालं, दोन मुलं झाली. १९८१ मध्ये त्यांनी सेकंडहँड घेतली ती १९७८ ची शेवरले कॅप्रीस क्लासिक वॅगन. आत तीन रांगा, तिसरी उलटी. बाहेर व्हिनाइलचं लाकूड.

‘अमेरिकन गाडी घेतली म्हणजे आपण इथले झालो, असं ह्यांना वाटलं असावं,’ काकू मला म्हणाली. ‘पण त्या गाडीनं आम्हाला जास्त मराठीच केलं.’

ते कसं? तर त्या काळात क्लीव्हलंडच्या आसपास मराठी घरं मोजकीच. देवळात जायचं तर पिट्सबर्गला. तिथलं वेंकटेश्वराचं मंदिर सत्तरच्या दशकात उभं राहिलं होतं. जायला अडीच तास, यायला अडीच तास. एकाच गाडीत दोन कुटुंबं, वर एखादा नवीन आलेला विद्यार्थी. तो विद्यार्थी लाजत तिसऱ्या सीटवर मुलांबरोबर बसायचा आणि घाटात उलटं तोंड करून बसल्यामुळे त्याला हटकून मळमळायचं! डाळी, पोहे आणि लोणच्यांसाठी शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूला फेरी व्हायची. ‘पटेल ब्रदर्स’चं दुकान तिथे १९७४ पासून. गाडी एकटीच जायची नाही. आसपासच्या सगळ्यांच्या याद्या घेऊन जायची आणि परत येताना मागचा सगळा भाग वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या पिशव्यांनी भरलेला. पुढे १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, अधिवेशनं व्हायला लागली, त्यासाठीही हीच गाडी. एकदा नाटकाच्या सेटचा तुळशीवृंदावनाचा भाग तिच्यातून नेला म्हणे. प्लायवूडचाच होता. मावला!

मग गेली कुठे?

हे सगळं ऐकायला छान वाटतं. मग अमेरिकेच्या रस्त्यावरून वॅगन गायब कशी झाली? फॅशन गेली, हे सोपं उत्तर आहे. खरं उत्तर थोडं सरकारी आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. सात-साडेसात लिटरच्या इंजिनाच्या त्या अजस्र गाड्या एकदम नकोशा झाल्या. १९७५ मध्ये कायदा झाला की प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचं सरासरी मायलेज अमुक असलंच पाहिजे. पण कार आणि ‘लाइट ट्रक’ यांना नियम वेगवेगळे. ट्रकला सवलत जास्त. कारण काय, तर ट्रक शेतकरी आणि कामगार वापरतात. स्टेशन वॅगन पडली ‘कार’मध्ये.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. नोव्हेंबर १९८३ मध्ये ली आयकोका यांच्या क्रायस्लरनं मिनिव्हॅन आणली. तीही फॅमिलीची गाडीच, पण कागदोपत्री ‘लाइट ट्रक’. आत उंची भरपूर, बाजूला सरकणारं दार, लांबीला वॅगनपेक्षा कितीतरी कमी. त्यानंतर एसयूव्ही आल्या. त्याही कागदोपत्री ट्रकच. १९७८ मध्ये टेनेसी राज्यात लहान मुलांना गाडीत बांधून बसवण्याचा कायदा लागू झाला आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. मागे लोळत, पत्ते खेळत, झोपा काढत प्रवास करणं संपलं. आणि ते संपलं ते बरंच झालं. त्या लोळण्यात किती मुलं जिवाला मुकली असतील, हे नॉस्टॅल्जियाच्या भरात कुणी बोलत नाही.

त्याच १९८३ मध्ये हॉलिवूडनं वॅगनची यथेच्छ टिंगल केली. ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ सिनेमातली वाटाण्याच्या रंगाची ‘फॅमिली ट्रकस्टर’ फोर्डच्या कंट्री स्क्वायरवरच बांधली होती. ती पाहून थिएटरात हशा पिकायचा. जी गाडी आपल्या बापानं घेतली होती ती आपण घ्यायची नाही, असं त्या पोरांनी तेव्हाच ठरवलं असणार. १९९६ मध्ये शेवटची कॅप्रीस आणि ब्यूक रोडमास्टर वॅगन टेक्ससमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यातून बाहेर पडली. मग तिथे ट्रक आणि एसयूव्ही बनायला लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात माझा जन्म झाला. म्हणजे आमची चुकामूक अगदी थोडक्यात झाली. मधे २०१८ मध्ये ब्यूकनं ‘रीगल टूरएक्स’ नावाची एक वॅगन पुन्हा करून पाहिली. तीही जर्मनीत बनवलेली. २०२० मध्ये तीही बंद.

सगळ्यात भारी ट्रिप

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये काकूनं क्लीव्हलंडचं घर विकायचं ठरवलं. दादा कॅलिफोर्नियाहून आला, ताई बोस्टनहून. दोघांकडेही मोजून आठ दिवसांची रजा. माझ्याकडे फ्रीलान्सरची श्रीमंती, म्हणजे वेळ! तीन आठवडे मी तिथे राहिले. खोकी भरली, भांडी वाटली, जुने दिवाळी अंक गुंडाळले. आणि गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली, ती उभी होती. फोटोतली.

१९९९ नंतर ती रस्त्यावर गेली नव्हती. मधल्या काळात घरात मिनिव्हॅन आली, टोयोटा आली, पण काकांनी ही काही विकली नाही. व्हिनाइलचं लाकूड पोपडे धरून सुटलं होतं. आत वास होता जुन्या रेक्झिनचा आणि कुठेतरी, देवाशप्पथ, हिंगाचा.

आता हिचं काय करायचं, यावरून दादा आणि ताईची जुंपली. दादा म्हणाला, विकू. ताई म्हणाली, विकायची नाही. तिच्या बोस्टनच्या फ्लॅटला पार्किंगच नाही, हा मुद्दा दादानं काढला. ‘तुला सगळ्याचे फक्त पैसे दिसतात,’ हा मुद्दा ताईनं काढला. मग दोघांचं भांडण थांबलं ते १९८२ च्या ट्रिपवर. बहीण-भावांच्या भांडणाचं असंच असतं. मधेच कुणीतरी ‘आठवतंय?’ म्हणतं.

तेव्हा दादा आठ वर्षांचा, ताई पाच. इंटरस्टेट ८० वरून पेनसिल्व्हेनिया ओलांडून न्यू जर्सीच्या समुद्रावर, मग पुढे कनेक्टिकट. ‘आमची सगळ्यात भारी ट्रिप,’ दादा मला सांगत होता. ‘रात्री आम्ही गाडीतच झोपलो! सगळ्या सीट पाडल्या, गाद्या टाकल्या, चौघं ओळीनं. बाकीची मुलं हॉटेलात राहायची, आम्ही कॅम्पिंग केलं.’ ताई म्हणाली, ‘आणि आई दिवसभर समुद्रावर आमच्याबरोबर. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कूलरमध्ये दहीभात. बाबांचा सूट खिडकीला टांगलेला असायचा. मला वाटायचं, बाबा आता परत आईशी लग्न करणार आहेत.’

दोघं हसत होते. काकू खोक्यावर चिकटपट्टी लावत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘ह्यांची नोकरी गेली होती.’

गॅरेजमध्ये एकदम शांत झालं.

‘त्या वर्षी कारखान्यानं कितीतरी लोकांना काढलं. ह्यांना एप्रिलमध्ये काढलं. जर्सीत दोन इंटरव्ह्यू होते, कनेक्टिकटमध्ये एक. विमानानं जायला पैसे नव्हते. आणि मी म्हटलं, एकटे जाऊ नका, आपण सगळेच जाऊ. मुलांना सांगू, समुद्र बघायला चाललोय. रेस्ट एरियात गाडी लावून झोपायचो, कारण मोटेलचे पैसे वाचवायचे होते. सकाळी हे पंपावरच्या बाथरूममध्ये दाढी करून सूट घालायचे. तुम्हाला समुद्रावर सोडून इंटरव्ह्यूला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मी तोंडाकडे बघूनच ओळखायची.’

‘मग?’ ताईनं विचारलं.

‘मग काय? तिन्ही ठिकाणी नाही म्हणाले. परतताना साडेचारशे मैल आम्ही दोघं पुढे एक शब्द बोललो नाही. तुम्ही मागे गाणी म्हणत होतात.’

पुढच्या वर्षी काकांना क्लीव्हलंडमध्येच दुसरी नोकरी मिळाली, पगार कमी, पण मिळाली. बेचाळीस वर्षं दोन्ही मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. दादा आता स्वतः पन्नाशीचा आहे. गेल्या दोन वर्षांत त्याच्या कंपनीत दोनदा लोक काढले. त्याच्या मुलीला ते माहीत नाही, हे तो मला आदल्याच दिवशी सांगत होता. तो उठून गाडीच्या मागच्या दाराशी गेला आणि उगाचच त्याची कडी खालीवर करत राहिला.

‘सांगितलं का नाहीस कधी?’ ताईचा आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते.

‘अगं, तुम्ही वर्षानुवर्षं ती ट्रिप सगळ्यांना सांगत होतात. शाळेत निबंध लिहिलास तू तिच्यावर. एवढं एक त्या वर्षात चांगलं झालं होतं. ते कशाला मोडायचं?’

मला त्या क्षणी ती उलटी सीट काय चीज होती, ते कळलं. पुढची सीट आणि मागची सीट यांच्यात एवढं अंतर, मधे इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज. पुढे बसलेल्यांचं कुजबुजणं मागे पोचत नाही. पुढे रडलेलं मागे दिसत नाही. नॉस्टॅल्जिया म्हणून आपण जे मिरवतो, ते बहुतेक वेळा मागच्या सीटवरच्यांचं असतं. पुढच्या सीटवरच्यांची ट्रिप वेगळीच चाललेली असते.

वीस मिनिटं

गाडी विकायचं काकूनंच ठरवलं. ‘माझ्यासाठी ठेवू नका,’ एवढंच म्हणाली. ताई काही बोलली नाही. दादानं जाहिरात टाकली. कोलंबसहून एक जोडपं आलं, दोघंही माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे, जुन्या वॅगनचे वेडे. अमेरिकेत अशी वेडी माणसं बरीच आहेत. त्यांनी मेकॅनिक बरोबर आणला. जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, बॅटरी आणि टायर बदलले. दोन दिवसांनी गाडी खाकरली, धुराचा एक मोठा ढग सोडला आणि चालू झाली. आकडा फार मोठा नव्हता, पण त्या मुलानं घासाघीस केली नाही. कागदपत्रं झाल्यावर तोच म्हणाला, ‘एक चक्कर मारायची का?’

तो ड्रायव्हिंगला, त्याच्या शेजारी दादा. ताई आणि मी मध्ये. काकूला आम्ही खिडकीजवळची जागा ठेवली होती. पण ती मागे गेली. ‘मी तिथे कधी बसलेच नाही,’ म्हणाली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, पंजाबी ड्रेसवर स्वेटर. दादानं आणि त्या मुलानं दोन्ही बाजूंनी धरून तिला चढवलं. कमरेचा पट्टा लावून ती उलट्या तोंडानं बसली. मागे घर हळूहळू लांब जाताना तिला एकटीलाच दिसत होतं.

आम्ही कॉलनीतून बाहेर पडून लेक ईरीच्या कडेनं गेलो. झाडांची पानं नुकती पिवळी व्हायला लागली होती. गाडी अशी डुलत होती की मला पाण्यावरून चालल्यासारखं वाटलं. कुणी फारसं बोलत नव्हतं. मधेच मागून खुदकन् हसण्याचा आवाज आला. वळून बघितलं तर मागच्या ट्रकवाल्याला काकू हात वर-खाली करून दाखवत होती. त्यानं हॉर्न वाजवला. चांगला लांबलचक.

उतरल्यावर ताईनं विचारलं, ‘कसं वाटलं?’

‘पुढचं काहीच दिसत नाही तिथून,’ काकू म्हणाली. ‘म्हणूनच तुम्ही एवढे खुशीत असायचात.’

गाडी गेली. घरही ऑक्टोबरमध्ये विकलं गेलं. काकू आता बोस्टनजवळ, ताईच्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. दादानं कॅलिफोर्नियाला परत गेल्यावर आपल्या मुलीला ऑफिसमधलं काय ते सांगितलं, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. ती सोळा वर्षांची आहे. ती म्हणाली, ‘डॅड, मला माहीत होतं.’ आजकालच्या गाड्यांमध्ये सगळ्या सीट पुढेच तोंड करून असतात, त्याचाही हा परिणाम असेल.

पुण्याला परतल्यावर मी बाबांना विचारलं, ‘आपण चेतकवरून जायचो, तेव्हा तुमचं काय चाललेलं असायचं?’ बाबा आधी म्हणाले, ‘काय चालणार? पेट्रोल किती उरलंय ते बघायचो.’ मग चहा होईपर्यंत गप्प बसले. आणि मग दीड तास बोलले. त्यातलं बरंचसं मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. पण लहानपणी माझ्या तोंडावर जो मस्त वारा यायचा, त्याच वाऱ्यात माझ्या डोक्याच्या वर एक माणूस दर महिन्याच्या वीस तारखेनंतर काय काय हिशेब करत होता, ते आता मला माहीत आहे. वाऱ्याची मजा त्यामुळे कमी झाली नाही. उलट तो वारा कुणी दिला, ते कळलं.

तुमच्याही घरी असा एखादा ‘सगळ्यात भारी ट्रिप’चा किस्सा असेलच. महाबळेश्वरचा, गणपतीपुळ्याचा, एसटीनं केलेल्या अष्टविनायकाचा. या वीकएंडला तो काढा. पण या वेळी तुम्ही सांगू नका. तेव्हा पुढच्या सीटवर जे बसले होते, त्यांना सांगू द्या. सोबत चहा मात्र दोन वेळचा टाका, एका कपात भागणार नाही.